वीस युरोंची काढणी

प्रत्येक नव्या कॅसिनोत मी आधी वीस युरो भरते.
माझे नाहीत, कंपनीचे. तरी हात आखडतो.
भरायला अकरा सेकंद लागतात.
मग फळं फिरतात, घंटा वाजतात,
दहा सेंट लावून चार परत आले
तरी पडद्यावर गावजत्रेएवढी आतषबाजी.
सहा गेले, हे कुणी वाजवून सांगत नाही.

मग म्हणते, पुरे. उरलेले द्या.
इथून पुढे मी घड्याळ लावते.

पासपोर्टचा फोटो मागतात. देते.
अंधुक आहे म्हणतात. पुन्हा देते.
विजेचं बिल मागतात. बिलाचा चौथा कोपरा मागतात.
भरताना माझं आडनावही कुणाला नको होतं.
चॅटवरची एमिली दर वेळी विचारते, आज कशी आहेस?
एमिली, मी नवव्या दिवसावर आहे.

खिडकीखाली ग्झिराचा समुद्र, क्रेनची रांग,
चुनखडीची धूळ कीबोर्डवर बसते.
मी पुसते आणि नियम वाचते.
वर ठळक: शंभर युरो भेट.
खाली मुंगीच्या अक्षरांत: भेट चाळीस वेळा फिरवा.
म्हणजे चार हजारांचे डाव.
यंत्र शंभरातले चार सावकाश गिळतं,
चार हजारांतले एकशे साठ.
आवळा हातावर ठेवलाय.
कोहळा अजून वेलावर आहे,
पण देठाला त्यांनी आत्ताच खुणेचा दोरा बांधलाय.

हे सगळं मी लिहिते. आकड्यांसकट.
दोन तारे देते, पाचांपैकी.

टोर्ब्यॉर्न, माझा साहेब, वाईट माणूस नाही.
आईच्या ऑपरेशनला त्याने भरपगारी रजा दिली होती.
तो खुर्ची जवळ ओढतो. "साडेतीन करूया?
यांचं कमिशन सगळ्यांत चांगलं आहे."
कमिशन कशावर, हे ऑफिसात मोठ्याने कुणी बोलत नाही:
आपण पाठवलेला माणूस जेवढं हरेल
त्यातला तिसरा हिस्सा.
ज्याच्या जखमेवर आपली चूल पेटते
त्यालाच सांगायचं, सुरी कुठली चांगली.

मी दोनच ठेवले. तो उसासला.
कॅसिनो यादीत नवव्या क्रमांकावर सरकला.
यादीतून काढला मात्र नाही.
मीही आग्रह धरला नाही, हेही लिहून ठेवते.

रविवारी जिन्यात नुन्झू भेटला,
हातात पास्तिझींचा तेलकट पुडा.
चाळीस वर्षं गोदीत वेल्डिंग, आता पेन्शन,
बायको जाऊन दोन हिवाळे.
"ग्रेझिएला, तू खरं सांगतेस म्हणतात. कुठलं बरं?"

मी खरं सांगितलं.
म्हटलं, सगळी हरवतात. हळू किंवा भरभर, एवढाच फरक.
म्हटलं, खेळू नकोस.
तो हसला, पुड्यातली एक पास्तिझी मला दिली.
"ते ठाऊक आहे गं. पण त्यातल्या त्यात?"

त्यातल्या त्यात.
मी एक नाव सांगितलं.
तिथे दोन दिवसांत पैसे परत येतात,
महिन्याची मर्यादा ठरवता येते,
बंद करायचं बटण शोधावं लागत नाही.
चार तारे. माझेच. प्रामाणिक.

आज रात्री दोनला पाणी प्यायला उठले.
समोरच्या बंद बाल्कनीच्या काचेवर
उजेड बदलत होता, लाल, जांभळा, सोनेरी,
आतषबाजीसारखा, पण आवाज नसलेला.
मर्यादा ठेवली असेल त्याने?
मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

ग्लास धुतला. पुन्हा धुतला.
सकाळी नव्या कॅसिनोत वीस युरो भरायचे आहेत.